पाळणाघराचा इतिहास : बाळगोळीपासून सव्वीस आठवड्यांच्या रजेपर्यंत

१/
प्रसूतीची रजा संपत येते आणि वरळी, परळ, दादर भागातल्या नोकरदार आईबापांपुढे एक प्रश्न उभा राहतो : बाळाला दिवसभर कुणाच्या स्वाधीन करावे? मग शुल्क, वेळा, वातानुकूलन, कॅमेरे यांची चौकशी सुरू होते. हाच प्रश्न याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी गिरणीकामगार स्त्रियांना पडला होता. त्याची उत्तरे शोधताना फार मोठी किंमत मोजावी लागली आणि त्या किमतीतून पाळणाघरांचे नियम जन्मास आले. पाळणाघर निवडताना काय पाहावे, हे त्या इतिहासातून जितके स्पष्ट कळते तितके जाहिरातपत्रकातून कळत नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/
१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी असा गिरणगावाचा विस्तार झाला. १९२० च्या दशकारंभी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार होते आणि त्यांत दर पाचांमागे साधारण एक स्त्री होती. गिरणी म्हटली की साच्यावर उभा असलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. त्या चित्रातून या हजारो बायका बऱ्याचदा वगळल्या जातात.

३/
बायकांचे काम मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असे, म्हणजे सूत गुंडाळण्याचे व त्याच्या लडी करण्याचे. मजुरी बहुधा कामाच्या मापावर मिळे. खात्यावर नायकिणीची सत्ता चाले. कामावर घेणे, बदली देणे, काढून टाकणे हे तिच्या मर्जीवर असे आणि त्यासाठी दस्तुरीही द्यावी लागे. बाळंतपणासाठी गावी गेलेली बाई परत आली की तिची जागा तिलाच मिळेल, याची शाश्वती नसे. त्यामुळे अंगात ताकद येण्यापूर्वीच ती पुन्हा खात्यात उभी राही.

४/
१९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत कामाचा दिवस दहा तासांवर आला. मधली सुट्टी, जाण्यायेण्याची पायपीट, पाण्याची रांग आणि स्वयंपाक यांचा हिशेब केला, तर तान्ह्या बाळासाठी आईच्या हाती काय उरत असेल याची कल्पना यावी. बाळाला ठेवायचे तरी कुठे? मार्ग तीनच होते. शेजारच्या एखाद्या वृद्धेला चार पैसे देऊन तिच्याकडे, मोठ्या मुलीच्या कडेवर, नाहीतर थेट गिरणीत, यंत्रांच्या खडखडाटात आणि कापसाच्या तुसात.

५/
यांतल्या मोठ्या मुलीची दखल इतिहासाने फारशी घेतलेली नाही. १९२५ पासून मुंबई महापालिकेने एफ आणि जी वॉर्डांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. गिरणगावाचा मोठा भाग आणि वरळीही त्यातच येते. कायद्याने मुलीला शाळेत बोलावले होते आणि घरात धाकटे भावंड रडत होते. ज्या घरात बाळ सांभाळायला दुसरे कोणी नसे, तिथे कायदा हरे आणि भावंड जिंके. पाळणाघर नसण्याचा भुर्दंड बाळाइतकाच त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनेही भरला. तिची शाळा बुडाली, ती कुठल्याही मृत्युनोंदीत दिसत नाही, इतकेच.

६/
आता घरांकडे पाहू. त्या काळी मुंबईची दोनतृतीयांशांच्या आसपास वस्ती एका खोलीच्या घरात राहत होती. कामगारांच्या निवाऱ्यासाठी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे ‘बीडीडी चाळी’ उभ्या राहिल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

७/
या चाळींच्या रचनेत एक गोष्ट लक्षणीय होती. मधोमध एक लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. खोलीत मावत नसलेला संसार बोळात येई आणि रांगणारी मुलेही तिथेच वाढत. कामावर गेलेल्या आईच्या बाळावर वीस उघड्या दारांतून कुणाची ना कुणाची नजर असे. हे कुणी आखलेले पाळणाघर नव्हते. त्याला वेळापत्रक नव्हते, जबाबदारी ठरलेली नव्हती. तरी अनेक पिढ्या त्या बोळाने सांभाळल्या. मात्र तान्ह्या बाळाला बोळ पुरत नाही. त्याला दूध लागते, मांडी लागते आणि ते रडते.

८/
रडणाऱ्या बाळावरचा त्या काळचा उपाय म्हणजे बाळगोळी. अफूचा अंश असलेली ही लहानशी गोळी बाजारात सहज मिळे. कामावर निघताना आई ती दुधातून वा पाण्यातून बाळाला देई, किंवा सांभाळणारी बाई देई. बाळ तासन् तास निपचित पडून राही. भूक लागली तरी उठत नसे. आई परत येई तेव्हा ते शांत झोपलेले दिसे आणि दिवस बरा गेला असे वाटे. ही प्रथा क्रौर्यातून आलेली नव्हती. दहा तासांची हजेरी आणि रडणारे मूल यांचा मेळ घालण्याचा गरिबाला परवडेल असा तोच एक मार्ग होता.

९/
या प्रकारावर सरकारी प्रकाश पडला तो आंतरराष्ट्रीय घडामोडीमुळे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. बाळंतपणाआधी व नंतर सहा-सहा आठवडे रजा, आणि कामावर आल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, असा करार तिथे संमत झाला. हिंदुस्थान सरकारने तो लगेच स्वीकारला नाही, परंतु स्थितीची पाहणी करण्याचे मान्य केले.

१०/
मुंबई सरकारने हे काम डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे सोपवले. त्यांचा अहवाल १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औद्योगिक काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे अफू न मिळालेले बाळ हाच अपवाद होता. पुढे रॉयल कमिशनच्या अहवालातही या प्रथेची गंभीर दखल घेतली गेली.

११/
ही केवळ हिंदुस्थानी अज्ञानाची गोष्ट आहे, असे कुणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ नावाचे अफूमिश्रित औषध याच कारणासाठी सर्रास वापरले जाई. यंत्रे मँचेस्टरहून मुंबईत आली आणि त्या यंत्रांभोवतीची आयुष्येही तशीच घडली. जिथे आईला दिवसभर कामावर जावे लागते आणि बाळाची सोय कुणी करत नाही, तिथे ते बाळ गप्प राहावे असा काहीतरी उपाय निघतोच. देश वेगळे, गोळीचे नाव वेगळे.

१२/
परिणाम आकड्यांत दिसतो. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जपून वाचायला हवा. अनेक बायका बाळंतपणासाठी कोकणात वा देशावर जात. तिथला जन्म मुंबईच्या दप्तरी येत नसे, मृत्यू मात्र इथे नोंदला जाई. त्यामुळे प्रमाण फुगलेले आहे. दाटीची वस्ती, दूषित पाणी आणि साथींचे आजार हीदेखील मोठी कारणे होती. ही सारी सूट देऊनही जे उरते ते भयंकरच आहे.

१३/
या काळाने दिलेला पहिला धडा असा, की शांत बाळ म्हणजे नीट सांभाळलेले बाळ नव्हे. आई परत येताना तिला दिसणारे दृश्य आणि दिवसभर घडलेली हकीकत यांत मोठे अंतर असू शकते. सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे मूल म्हणजे न रडणारे, न भूक मागणारे, न हलणारे मूल. बाळाच्या दृष्टीने हीच सर्वांत धोक्याची अवस्था. पुढे झालेला प्रत्येक नियम याच अंतराला बांध घालण्याचा प्रयत्न आहे.

१४/
संस्था म्हणून पाळणाघराचा आरंभ पॅरिसचा. १८४४ साली फिरमँ मार्बो यांनी शायो भागात कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी ‘क्रेश’ उघडले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. नवजात येशूला गव्हाणीत निजवले होते, त्या कथेवरून हे नाव आले. मराठीने मात्र स्वतःचा शब्द घडवला : पाळणाघर. गव्हाणीत बाळाला ठेवतात, पाळणा कुणीतरी हलवावा लागतो. संस्थेकडून असलेली अपेक्षा आपल्या शब्दातच सांगितलेली आहे.

१५/
मुंबईत काही मोजक्या गिरण्यांनी १९२० च्या दशकात आपणहून पाळणाघरे उघडली. पण सोय झाली म्हणून बायका लगेच मुले आणू लागल्या, असे झाले नाही. पहाटेच्या गर्दीतून बाळाला घेऊन यायचे, अनोळखी बाईच्या हाती सोपवायचे, इतर मुलांचे आजार लागतील, दृष्ट लागेल. आईची शंका निव्वळ अडाणीपणाची म्हणता येत नाही. विश्वास बसण्यासाठी लागणारा वेळ आणि खात्यातून मध्येच उठून बाळाला पाहून येण्याची मुभा, या दोन गोष्टी मिळाल्याखेरीज इमारत रिकामी राहते, हे तेव्हाच दिसून आले.

१६/
दरम्यान कायद्याची लढाई सुरू झाली होती. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतीलाभाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलात हा विषय आला. १९२८ मधील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार समाजाने उचलला पाहिजे आणि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने त्यातला काही वाटा सोसणे न्याय्य आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता.

१७/
बाबासाहेब त्या काळात परळच्या बीआयटी चाळीत राहत. गिरणीकामगारांचे जीवन त्यांना रोज दिसत होते. १९२९ साली मुंबईचा प्रसूतीलाभ कायदा झाला. भारतातील या प्रकारचा तो पहिला प्रांतिक कायदा. प्रसूतीच्या आधी व नंतरच्या मोजक्या आठवड्यांसाठी रोजी आठ आणे, एवढाच तो लाभ होता. परंतु बाळ जन्माला येणे ही केवळ घरातली खासगी बाब नसून कामाच्या जागेचाही त्याच्याशी संबंध आहे, हे तत्त्व या आठ आण्यांनी प्रस्थापित केले.

१८/
पुढचे पाऊल पाळणाघराचे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात गिरण्यांतील पाळणाघरांची शिफारस केली. कमिशनच्या सदस्यांत ना. म. जोशीही होते. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला : पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवण्याचा नियम करता येईल. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातील ४८ व्या कलमाने ही तरतूद बंधनकारक केली. १९७६ मध्ये पन्नासची मर्यादा तीसवर आली.

१९/
हे ४८ वे कलम आजच्या पालकांनीही लक्षात ठेवावे असे आहे. खोली पुरेशी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ असावी. मुलांची निगा राखण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली ती असावी. अंघोळीची व कपडे धुण्याची सोय असावी. मुलांना विनामूल्य दूध वा खाणे देण्याविषयी आणि आईला ठरावीक अंतराने बाळाला पाजता येईल अशा सोयीविषयी सरकारला नियम करता यावेत. हवा, माणूस, स्वच्छता, अन्न आणि आईला खुले दार, हे ते पाच निकष. एकेक निकष एकेका जुन्या अनर्थाकडे बोट दाखवतो.

२०/
तथापि कायद्याच्या मोजणीत एक खोट होती. पाळणाघराचे बंधन स्त्रियांच्या संख्येवर अवलंबून होते. म्हणजे बाई कामावर ठेवली की खर्च वाढणार. त्यातच स्त्रियांना रात्रपाळीस बंदी होती आणि गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या होत्या. नवी यंत्रे येऊन वाइंडिंग-रीलिंगची कामे घटली. या साऱ्यांचा एकत्रित परिणाम असा, की १९२० च्या दशकात पाचांत एक असलेली गिरणीकामगार स्त्री १९८२ च्या संपापर्यंत शेकड्यात मोजकीच उरली. पाळणाघराचा हक्क मिळाला, पण ज्यांच्यासाठी तो होता त्या बायका हळूहळू फाटकाबाहेर गेल्या.

२१/
फाटकाबाहेर गेलेल्या बायका रिकाम्या बसल्या नाहीत. अनेकजणी गिरणीकामगारांसाठी घरगुती खानावळी चालवत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगावाचा कणा मोडला, तेव्हा घरे तगली ती बव्हंशी बायकांच्या अशा कामावर. या कामाला कोणतेही ४८ वे कलम लागू नव्हते. बाळ चुलीशेजारीच असे.

२२/
याला समांतर एक वेगळी परंपरा दादरमध्ये वाढत होती. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला केलेल्या बालशिक्षणाच्या कामाचा वारसा त्यांनी मुंबईत आणला. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हे काम खेड्यांत व आदिवासी पाड्यांत नेले. लहान मूल म्हणजे नुसती सांभाळायची वस्तू नाही, त्याला स्वतःची बुद्धी, हात आणि इच्छा आहे, हा विचार मराठी घरांत रुजवण्याचे मोठे श्रेय या परंपरेला जाते.

२३/
इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. बालवाडी मुलाच्या शिकण्यासाठी असते, पाळणाघर त्याच्या दिवसभराच्या निगेसाठी. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी मुख्यतः आहार, आरोग्य आणि पूर्वशिक्षणासाठी, दिवसातले काही तासच चालणारी. आठ-नऊ तास कामावर असलेल्या आईचा प्रश्न त्यातून सुटला नाही. बांधकाममजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी केली आणि १९७२ मध्ये ते काम मुंबईत आले. ज्यांच्या हातांनी टॉवर उभे राहिले, त्यांच्या मुलांसाठी त्या बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर, अशी ती कल्पना.

२४/
मध्यमवर्गाने आपला मार्ग वेगळा शोधला. बँका, विमा कंपन्या, मंत्रालय, टेलिफोन खाते यांत स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या आणि गिरगाव, दादर, परळच्या चाळींत व सोसायट्यांत दारावर ‘पाळणाघर’ अशा पाट्या दिसू लागल्या. एखादी काकू वा मावशी आपल्याच घरात पाच-सहा मुले सांभाळी. कागद नव्हता, नियम नव्हते. होती ती ओळख. तिच्या घरी कोण येते-जाते हे साऱ्या वाडीला ठाऊक असे आणि तीच तिच्यावरची देखरेख होती. शहर पसरले, शेजार विरळ झाला, तशी ही देखरेख आटत गेली.

२५/
नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केल्याचे चित्रीकरण समोर आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर पालकांचा ओढा कॅमेऱ्यांकडे वाढला. पण त्या घटनेत कॅमेरा होताच. त्याने पुरावा दिला, मारहाण थांबवली नाही. पडद्याकडे त्या क्षणी पाहणारे कोणी नसेल, तर कॅमेरा उरतो फक्त साक्षीदार. बाळ वाचवायला खोलीत दुसरे माणूस असावे लागते.

२६/
२०१७ मध्ये प्रसूतीलाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी सशुल्क रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याचा हक्क मिळाला. शब्दांकडे लक्ष द्या : पन्नास ‘कर्मचारी’, पन्नास ‘स्त्रिया’ नव्हे. बाई नेमली की बोजा वाढतो, ही जुनी खोट पाळणाघरापुरती तरी दूर झाली. रजेचा पगार मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे गिरणीतला तो जुना हिशेब आजच्या कचेऱ्यांतून पुरता गेलेला नाही.

२७/
२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे किमान एक सांभाळणारी व्यक्ती सुचवलेली आहे. हे किमान आहे, आदर्श नव्हे. दहा तान्ही बाळे एका बाईने सांभाळायची म्हणजे काय, याचा विचार एक बाळ वाढवलेल्या कुणीही करून पाहावा. शिवाय ही तत्त्वे कायद्याखालील आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी आहेत. गल्लीतल्या घरगुती पाळणाघरात त्यांची तपासणी करायला पालकाशिवाय दुसरे कोणी येत नाही.

२८/
तेव्हा पालकाने काय विचारावे? पहिला प्रश्न झोपेचा. बाळ किती वेळ झोपते, कुठे, कुणाच्या नजरेसमोर? तान्ह्या बाळाला उताणे निजवतात का? आपल्या लेखी संमतीशिवाय कोणतेही औषध देणार नाही, असा नियम आहे का? सर्दी-खोकल्याच्या काही साध्या औषधांनीही गुंगी येते. घरी आणल्यावर बाळ रोजच्यापेक्षा सुस्त वाटले, दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, तर ‘आज शहाण्यासारखे वागले’ असे म्हणून सोडू नये. डॉक्टरांना दाखवावे. बाळगोळी गेली, बाळ गप्प करण्याचा मोह गेलेला नाही.

२९/
दुसरा प्रश्न माणसांचा. किती मुलांमागे किती जणी? एक जण स्वयंपाकघरात वा रजेवर गेली तर खोलीत कोण उरते? त्या इथे किती वर्षे आहेत? त्यांना पगार काय मिळतो, हेही विचारावे. चौकशी आगाऊ वाटेल, पण दर दोन महिन्यांनी बाई बदलत असेल तर बाळाला दर दोन महिन्यांनी नव्याने परके व्हावे लागते. तिसरा प्रश्न दाराचा. न कळवता कोणत्याही वेळी आलो तर आत येऊ देता का? आईला खुले दार हा १९४८ च्या कायद्याच्या मागचा विचार आहे. ‘मुले विचलित होतात’ म्हणून दार बंद ठेवणाऱ्या ठिकाणापासून सावध राहावे.

३०/
चौथा प्रश्न अन्नाचा : काढून ठेवलेले आईचे दूध कुठे, कसे राखतात, बाळाला भूक लागेल तेव्हा देतात की घड्याळ पाहून? पाचवा आजारपणाचा : तापाच्या मुलाला काय करतात, लसीकरणाची नोंद मागतात का, जवळचा डॉक्टर कोण? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला : सोपवण्याआधी काही दिवस थोडा थोडा वेळ बाळासोबत तिथे बसायला आपण रजा काढली आहे का? गिरणीतल्या आईला हा वेळ कुणी दिला नाही, म्हणून ती शंकित राहिली. तो मिळवता येत असेल तर जरूर मिळवावा, आणि बाबांनीही.

३१/
१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या १६० चौरस फुटांनंतर हा मोठाच दिलासा. मात्र वीस उघड्या दारांचा बोळ सुटला की त्याने केलेले काम आता कुणीतरी ठरवून करावे लागेल. नव्या इमारतींच्या नकाशात वाहनतळ असतो, व्यायामशाळा असते. रहिवाशांनी सोसायटीच्या पहिल्याच सभेत पाळणाघराच्या खोलीचा विषय काढावा. १९३४ च्या कायद्याने गिरणीमालकांपुढे ठेवलेली मागणीही एका योग्य खोलीचीच होती.

३२/
एक प्रश्न मात्र पालकांनी एकमेकांना विचारायचा आहे. वरळीच्या उंच इमारतींतील पाळणाघरांत जी बाई सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आपली मुले सांभाळते, तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कुठे असते? पुष्कळदा उत्तर शंभर वर्षांपूर्वीचेच मिळते : शेजारच्या आजीकडे, नाहीतर मोठ्या मुलीकडे. तिच्या मुलाला त्याच खोलीत, त्याच पाळण्यांच्या रांगेत जागा मिळावी असा आग्रह पालकांनी धरला, तर तिचे मन थाऱ्यावर राहील आणि आपले मूलही अधिक सुरक्षित राहील. शिवाय एक मोठी मुलगी शाळेत जाईल.

धागा समाप्त.